मणी पुढे सरकला पाहिजे

संगणकाची भाषा नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला पहिल्या महिन्याभरात एक प्रसंग हमखास येतो. चार-पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिलेला असतो. काम साधे, एक ते दहा अंक छापायचे, नाहीतर एखादा पाढा म्हणायचा. चालवण्याची कळ दाबली की पडद्यावर अंक उमटू लागतात आणि थांबतच नाहीत. कधी एकच अंक हजारो वेळा खाली धावत राहतो. कधी पडदा अगदी गप्प असतो. काही छापत नाही, काही ऐकत नाही, फक्त आतला पंखा जोराने फिरू लागतो. याला 'इन्फिनिट लूप' म्हणतात. न संपणारा फेरा.

शिकवणाऱ्याच्या लेखी ही किरकोळ चूक. एक ओळ राहिलेली असते, ती घातली की काम होते. पण शिकणारा कोणत्या घरातून आला आहे, त्यावर त्या चुकीचे वजन ठरते. इचलकरंजीत शिकवू लागल्यापासून हे मी वारंवार पाहिले आहे आणि म्हणूनच हा विषय संगणकाच्या पुस्तकाबाहेर, आपल्या लोकांसमोर मांडावासा वाटला.

आमच्या मोहल्ल्यात मशिदीच्या मागे जमातीचा हॉल आहे. निकाह, अकीके, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार तिथेच होतात. त्या हॉलच्या माडीवर रविवारी सकाळी मी मुलामुलींना पायथॉन नावाची भाषा शिकवतो. कुणाच्या कार्यालयातून मोडीत निघालेले, कुणाच्या आखातात गेलेल्या मुलाचे घरी पडून राहिलेले असे सहा संगणक जमा झाले आहेत. मुले सतरा-अठरा. बहुतेकांचे वडील यंत्रमागावर कामगार, नाहीतर जॉबर. काहींच्या आया कांडी मशीनवर जातात. घरात मोबाइल आहे, संगणक कुणाकडेच नाही. कुणी उर्दू शाळेतले, कुणी मराठी शाळेतले, आणि घरी सगळ्यांची बोली आपली दखनी.

भाषेचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. व्हाइल, इफ, प्रिंट असे मोजके इंग्रजी शब्द पाठ करावे लागतात. संख्या ज्या नावाखाली साठवायची ते नाव मात्र देवनागरीतही ठेवता येते. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉनची तिसरी आवृत्ती आली तेव्हापासून ही सोय आहे. आमच्या वर्गात मोजणाऱ्या संख्येचे नाव ठरलेले आहे, 'मणी'. हे नाव तसबीहमधून आले.

लूप म्हणजे काय हे सांगायला तसबीहइतके चांगले साधन मला अजून सापडलेले नाही. नमाजनंतर ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अलहम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहू अकबर म्हणतात, हे लहान मुलालाही ठाऊक असते. ३३ मण्यांच्या तसबीहला शेवटी एक लांबट मणी असतो. त्याला इमाम म्हणतात. दादी अंधारात बसून तसबीह पढते तेव्हा ती आकडे मोजत नसते. बोटाला इमाम लागला की तिला कळते, एक फेरा झाला. या कृतीचे चार भाग पडतात. सुरुवात कुठून, तर इमामला लागून असलेल्या पहिल्या मण्यापासून. कधीपर्यंत, तर पुन्हा इमाम हाताला लागेपर्यंत. प्रत्येक वेळी काय करायचे, तर जिकीर. आणि चौथे, दरवेळी एक मणी पुढे सरकवायचा.

पहिले तीन भाग सगळ्यांच्या लक्षात राहतात. चौथा राहून जातो, कारण माणसाच्या हातून तो आपोआप होतो, सांगावा लागत नाही. संगणकाला सांगावा लागतो. जीभ म्हणत राहिली आणि बोट जागच्या जागी राहिले, तर इमाम कधीच हाताला लागणार नाही. थांबण्याची अट बरोबर आहे, काम बरोबर आहे, सुरुवातही बरोबर आहे. तरी सकाळपर्यंत फेरा संपणार नाही. नव्या मुलांच्या न संपणाऱ्या लूपांपैकी बहुतेक या एकाच जातीचे असतात.

बाकीच्या जातीही थोड्याच आहेत. कधी मणी सरकवण्याची ओळ लिहिलेली असते, पण ती लूपच्या बाहेर पडलेली असते. पायथॉनमध्ये ओळीच्या डावीकडे किती जागा सोडली यावरून ती ओळ लूपच्या आतली की बाहेरची हे ठरते. ओळ अगदी कडेला लिहिली की ती बाहेरची झाली. म्हणजे आधी फेरे संपणार, मग मणी सरकणार. आणि मणी सरकल्याशिवाय फेरे संपणार नाहीत. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकलेल्या माझ्या पिढीतल्या लोकांना असाच एक अर्धविराम आठवत असेल. व्हाइलच्या अटीनंतर चुकून तो पडला की लूपच्या पोटात काहीच उरत नसे. संगणक रिकाम्या हाताने फेऱ्या मारत बसायचा आणि प्रोग्रॅम वाचणाऱ्याला तो इवलासा ठिपका दिसायचा नाही.

कधी बोट एकदम दोन मणी ओलांडते. शून्यापासून दोन-दोनने गेलो तर ३२ नंतर ३४ येतात. अट जर 'बरोबर ३३ झाले की थांब' अशी असेल, तर ३३ येतच नाहीत आणि प्रोग्रॅम पुढे अनंताकडे निघून जातो. '३३ किंवा त्याहून जास्त' असे लिहिले असते तर थांबला असता. कधी दिशा उलटी असते. दहापासून खाली शून्यावर यायचे असते आणि हाताने बेरीज लिहिली जाते. कधी अक्षर आणि अंक यांत घोटाळा होतो. गुपित अंक ओळखण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. गुपित अंक सात. खेळणारा सात टाइप करतो आणि संगणक म्हणतो, चूक, पुन्हा सांगा. तो पुन्हा सात टाइप करतो. पुन्हा चूक. कारण पायथॉनमध्ये कळफलकावरून आलेले सात हे अक्षर म्हणून येते आणि आत ठेवलेले सात ही संख्या असते. अक्षराची संख्या करून घेतल्याशिवाय ते दोन कधीच सारखे होत नाहीत. सातवीतला एक मुलगा यावर म्हणाला होता, "सर, ये तो राशन कार्डवाला हुआ. आदमी वोच, नाव अलग." मला त्याच्यापेक्षा चांगले समजावता आले नसते.

एक जात मात्र मोठ्यांनाही चकवते. शून्यापासून सुरुवात करून दर फेऱ्याला ०.१ मिळवत जायचे आणि बरोबर १ झाले की थांबायचे. दहा फेऱ्यांत काम व्हायला हवे. होत नाही. संगणक आतमध्ये दोनाच्या पटीत हिशेब करतो आणि त्या हिशेबात एक-दशांश नेमका लिहिता येत नाही. आपल्याला एक-तृतीयांश दशांशात लिहिताना ०.३३३ असे लिहीतच राहावे लागते, तसे. दहा वेळा मिळवल्यावर पायथॉनकडे ०.९९९९९९९९९९९९९९९९ असते. एक नव्हे. पुढच्या फेऱ्याला ते एकच्या पुढे निघून जाते आणि थांबण्याची संधी हुकते.

अट लिहिण्याआधी आपण मोजतो आहोत काय, हेही ठरवावे लागते. हज-उमऱ्याला जाऊन आलेल्यांना सईचे उदाहरण लगेच पटते. सफापासून मरवापर्यंत गेलो की एक फेरा. मरवाहून सफाला परतलो की दुसरा. असे सात, म्हणजे सातवा मरवावर संपतो. जाऊन-येऊन एक असे कुणी धरले, तर तो चौदा वेळा चालेल आणि सफावर उभा राहील. पाय तेच, वाट तीच. एक म्हणजे काय हे आधी न ठरवल्यामुळे हिशेब दुप्पट होतो.

हे सगळे फळ्यावर सांगणे सोपे आहे. न संपणारा लूप एखाद्या घरात काय करू शकतो, ते मला नववीतल्या एका मुलीमुळे दिसले. ती हुशार, पण अबोल. सातचा पाढा छापायचा होता. तिने मणी एकपासून सुरू केला, दहापर्यंत चाल असे सांगितले, सात गुणिले मणी छाप असे सांगितले आणि मणी सरकवायची ओळ राहिली. पडद्यावर सात, सात, सात अशी रांग धावू लागली. तिने दिसेल ती कळ दाबली. जुना संगणक, तो आणखीच गोठला. मी दुसऱ्या टोकाला होतो. तिने भिंतीवरचे बटण बंद केले, दप्तर उचलले आणि ती निघून गेली. पुढचे दोन रविवार ती आली नाही.

तिसऱ्या आठवड्यात असरच्या नमाजनंतर तिचे अब्बा मला भेटायला आले. ते जॉबर आहेत. वीस-पंचवीस मागांची दुरुस्ती त्यांच्याकडे असते. सलाम झाला. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि खालच्या आवाजात विचारले, "कित्ते पैसे होते, सर? एकदम नै होते, पन थोडे थोडे करके देता."

मला आधी कळलेच नाही. मग कळले की मुलीने घरी सांगितले होते, माझ्या हातून मशीन बिघडले. त्या घरात पंधरा दिवस त्या मशीनच्या किमतीची चर्चा चालू होती. संगणकाची किंमत किती असते हे तिथे कुणालाच माहीत नव्हते, म्हणून तो आकडा मनातल्या मनात वाढतच गेला होता. तिच्या क्लासची गोष्ट तर मिटल्यात जमा होती.

मी त्यांना माडीवर नेले. तोच संगणक सुरू केला. तिने लिहिलेला प्रोग्रॅम तसाच होता, तो त्यांच्यासमोर चालवला. सात, सात, सात. ते खुर्चीवर न बसता उभ्यानेच पाहत राहिले. "ये तो चल रहा," ते म्हणाले. मी म्हटले, "चाललंय, भाई. काहीच बिघडलेलं नाही. सांगितलंय तेवढंच करतंय."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाणा तुट्या और काटा नै पड्या. माग तो चलता, पन कपडा बनता नै."

ज्यांनी यंत्रमाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साध्या मागावर धोटा इकडून तिकडे जातो आणि आपल्यामागे आडवा धागा, बाणा, सोडतो. कडेला एक छोटा काटा असतो. धोटा गेला की बाणा त्या काट्याला टेकतो आणि त्याला ढकलतो. कांडी संपली किंवा बाणा तुटला की काट्याला टेकायला काही उरत नाही, मग तो खाली अडकतो, हँडल पडते आणि माग थांबतो. काटा वाकलेला असेल तर माग थांबत नाही. उभे धागे वरखाली होत राहतात, धोटा धावत राहतो, खडखडाट तोच. कारखान्यात लांबून ऐकणाऱ्याला वाटते, काम जोरात चालले आहे. जवळ गेल्यावर दिसते की कापडाच्या जागी नुसते उभे धागे आहेत.

त्यांचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. "तो इसका काटा किधर है?" मी पडद्यावरची अटीची ओळ दाखवली. मणी दहाच्या पुढे गेला की थांब. हा काटा. दर फेऱ्याला तो एकदा बघतो. मग मी मणी कुठे आहे ते दाखवले. पहिल्या फेऱ्यात एक, दुसऱ्या फेऱ्यात एक, हजाराव्या फेऱ्यातही एक. ते म्हणाले, "मतलब काटा बरोबर है. उसके पास कुछ पोचताच नै."

त्याहून नेमके निदान कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. मी त्यांना कंट्रोल आणि सी या दोन कळा एकदम दाबायला सांगितल्या. रांग जागच्या जागी थांबली. "हां, हँडल पाड्या," म्हणत ते पहिल्यांदा हसले. नोटा खिशात परत गेल्या. पुढच्या रविवारी मुलगी आली, तिने एक ओळ घातली आणि पाढा सत्तरवर थांबला.

मला त्या पंधरा दिवसांचे महत्त्व जास्त वाटते. ज्या घरात एखादे खेळणे मोडले तर दुसरे येते, त्या घरातले मूल संगणकाच्या कळा बिनधास्त दाबत सुटते आणि दाबता दाबताच शिकते. आमच्या घरातल्या मुलीला तुटणाऱ्या प्रत्येक वस्तूची किंमत ठाऊक असते. फुटलेल्या कपाची, जळलेल्या इस्त्रीची, पडलेल्या मोबाइलची. म्हणून ती हात लावायला भिते. हात लावत नाही म्हणून हात बसत नाही. हात बसत नाही म्हणून पुढच्या वेळी हमखास चुकते. चुकली की भीती खरी ठरते, आणि घरचे म्हणतात, हे आपले काम नव्हे. मग ती पुन्हा हात लावायला भिते. हाही एक न संपणारा लूप आहे आणि त्याच्या आतही काहीच बदलत नाही. मुलीला धीराच्या चार गोष्टी सांगून तो तुटत नाही. न थांबणारा प्रोग्रॅम म्हणजे मोडलेले यंत्र नव्हे, एवढी एक माहिती आत गेली तर तुटतो.

म्हणून आमच्या वर्गात पहिला धडा उलटा असतो. प्रत्येकाने मुद्दाम न संपणारा लूप लिहायचा, तो धावताना पाहायचा आणि कंट्रोल-सीने स्वतःच्या हाताने थांबवायचा. सहाच्या सहा संगणकांवर एकदम रांगा धावू लागतात, पोरे ओरडतात आणि मग एकेक पडदा शांत होतो. त्यानंतर हात थरथरत नाहीत. प्रोग्रॅममुळे पडदा गोठला म्हणून यंत्र तुटत नाही. फार झाले तर बंद करून पुन्हा सुरू करावे लागते आणि न साठवलेले काम जाते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की निम्मे शिक्षण झाले.

उरलेले निम्मे वहीवर होते. लूप थांबत नसेल तेव्हा सगळा प्रोग्रॅम पुसून नव्याने लिहायचा नाही, आणि 'लहान' चे चिन्ह बदलून 'मोठे' करून बघू, असे अंदाजाचे खेळही करायचे नाहीत. वहीत चार रकाने आखायचे. कितवा फेरा, मणी किती, अट खरी की खोटी, छापले काय. मग आपणच संगणक व्हायचे आणि एकेक ओळ जशी लिहिली आहे तशी पाळायची. मनात होते तशी नव्हे. पहिला फेरा, मणी एक, अट खरी, छापले सात. दुसरा फेरा, मणी एक. इथेच पेन्सिल थांबते. तिसरी ओळ लिहायची गरज पडत नाही.

वहीवर सापडले नाही तर संगणकालाच साक्षीला बोलवायचे. लूपच्या आत एक ओळ घालून दर फेऱ्याला मण्याची किंमत छापून घ्यायची. ती वाढते का, किती-कितीने वाढते, भलत्या दिशेला जाते का, ते समोर दिसते. तेवढ्यापुरता एक जादा मोजक बांधून 'शंभर फेरे झाले की काही असो, बाहेर पड' असे सांगून ठेवावे, म्हणजे पाहायला उसंत मिळते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. जॉबर मागाचे दोन बोल्ट एकदम फिरवत नाही. कुठल्या बोल्टने फरक पडला ते मग कळत नाही.

ही चूक फक्त शिकाऊ मुलांची आहे असेही नाही. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीची झून नावाची गाणी ऐकण्याची यंत्रे, त्यांतली ३० जीबीची, एकाच दिवशी जगभर गोठली. तारीख काढण्यासाठी त्यात १९८० पासूनचे दिवस मोजलेले होते. दिवस ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत एकेका वर्षाचे दिवस वजा करत यायचे, असा लूप होता. वर्ष लीप असेल तर, दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तरच ३६६ वजा करायचे. २००८ हे लीप वर्ष. त्याच्या शेवटच्या दिवशी हातात उरले बरोबर ३६६. ते ३६५ पेक्षा जास्त, म्हणून लूप चालू. ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून वजा काहीच नाही. पुन्हा वर. मणी हलला नाही. बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि नव्या वर्षात यंत्र पुन्हा सुरू करा, असा उपाय कंपनीने सांगितला. दुसऱ्या दिवशी आकडा ३६७ झाला आणि लूप आपोआप सुटला.

हे मी मुलांना हिजरी सनाच्या गणितातून करायला लावतो. रमजान आणि ईद चांद दिसण्यावर ठरते, ती गोष्ट वेगळी. पण कोष्टकाच्या हिशेबासाठी ३० वर्षांचे एक चक्र धरतात. त्यातली १९ वर्षे ३५४ दिवसांची आणि ११ वर्षे ३५५ दिवसांची, एकूण १०,६३१ दिवस. झूनच्या पद्धतीने कुणी हिजरी दिनदर्शिकेचा प्रोग्रॅम लिहिला, तर ३५५ दिवसांच्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो तसाच अडकेल. मुले ते वहीवर करून पाहतात आणि एवढ्या मोठ्या कंपनीतली चूक आपल्याला सापडते याचा त्यांना केवढा आनंद होतो!

मग कुणीतरी विचारते, प्रोग्रॅम थांबेल की नाही हे आधीच सांगणारा एखादा प्रोग्रॅम नसतो का? प्रश्न रास्त आहे. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ मध्येच दाखवून दिले की प्रत्येक प्रोग्रॅमबाबत हा निवाडा अचूक देणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही. एखाद्या विशिष्ट लूपबाबत आपण विचार करून सांगू शकतो, सगळ्यांसाठी एक किल्ली नाही. लोथार कोलात्झ या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे एक कोडे तर पाचवीच्या मुलालाही करता येते. संख्या सम असली तर निम्मी करा, विषम असली तर तिप्पट करून एक मिळवा, एक आला की थांबा. सहापासून निघालो तर ३, १०, ५, १६, ८, ४, २, १. आठ पायऱ्यांत संपले. सत्तावीसपासून निघालो तर आकडा ९,२३२ पर्यंत चढतो आणि १११ पायऱ्यांनी एकवर येतो. कुठल्याही संख्येपासून निघाले तरी हा लूप थांबतोच, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेले नाही.

न संपणारा प्रत्येक लूप वाईट नसतो हेही सांगावे लागते. आमच्या मशिदीत नमाजच्या वेळा दाखवणारी विजेची पाटी आहे. तिच्या आत एक लूप रात्रंदिवस चालू असतो. वेळ बघ, पाटीवर लिही, पुन्हा वेळ बघ. तो संपला तर पाटी बंद पडेल. रस्त्यावरचा सिग्नल, पैसे काढण्याचे यंत्र, सगळ्यांच्या पोटात असेच लूप आहेत. फरक एवढाच की दर फेऱ्याला तिथे काहीतरी घडते; मिनिट पुढे सरकते, जोहरनंतर असरची वेळ येते. फेरे किती मारले यापेक्षा फेऱ्यात काय बदलले ते पाहायचे.

'अल्गोरिदम' हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम केलेल्या अल्-ख्वारिझमीच्या नावावरून आला. हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा यावरचे त्याचे पुस्तक पुढे लॅटिनमध्ये गेले आणि त्याच्या नावाचाच शब्द झाला. आमच्या हॉलमध्ये दरवर्षी गुणवंतांच्या सत्काराला कुणी ना कुणी वक्ता ही गोष्ट सांगतो, टाळ्या पडतात, पुढच्या वर्षी दुसरा वक्ता तीच गोष्ट सांगतो. अभिमान मलाही आहे. पण डोनाल्ड कनूथ यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात अल्गोरिदमची लक्षणे दिली, त्यात पहिलेच लक्षण आहे की तो मोजक्या पायऱ्यांनंतर संपला पाहिजे. ख्वारिझमीचे नाव घेऊन आपण दरवर्षी त्याच मण्यावर बोट ठेवून बसणार असू, तर त्या नावाचाही उपयोग नाही.

ती मुलगी आता अकरावीत आहे. रविवारी येते आणि लहान मुलांच्या रांगेत उभी असते. कुणाच्या पडद्यावर आकडे धावू लागले की ती त्याच्या कळफलकाला हात लावत नाही. वही पुढे सरकवते, चार रकाने आखायला सांगते आणि विचारते, "मणी किधर सरक्या, बता."